मुदतवाढीचं कारण

३ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी आलेलं कुठलंही पाकीट आई आधी फोडते आणि मग ज्याचं त्याला देते, तेही शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून. फोनही तीच उचलते. तेव्हा वाच, फाड आणि तुझ्या चष्म्यांच्या फुटक्या काचांबरोबर टाकून दे.

तर गोष्ट अशी की माझ्या पीएच.डी.ची मुदत एकतीस ऑगस्टला संपतेय आणि प्रबंध तोवर होत नाही. होणं शक्यच नाही. मी काय करते ते तुला ठाऊक आहे. चुन्याच्या गाऱ्याचे ठोकळे पाडायचे, ओल्या खोलीत ठेवायचे आणि सात, अठ्ठावीस, नव्वद आणि तीनशे पासष्ट दिवसांनी यंत्राखाली फोडून कुणी किती भार सोसला ते लिहून ठेवायचं. आईच्या भाषेत, एवढी शिकूनसवरून पोरगी विटा फोडते. पण शेवटच्या, वर्षाच्या आकड्याशिवाय माझ्या प्रबंधाला काही अर्थ नाही. सगळा मुद्दाच तो आहे.

आधीचे बहात्तर ठोकळे माझ्या चुकीने गेले, हे मी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. मोठी सुट्टी होती. खोली ओली ठेवणाऱ्या टाकीत पाणी प्रयोगशाळेतले मिस्त्री भरतील असं मी धरून चालले, मी भरीन असं त्यांनी धरलं. अकरा दिवसांनी दार उघडलं तर खोली कोरडी ठणठणीत आणि प्रत्येक ठोकळ्याला केसाएवढ्या चिरा. मी तिथेच पायरीवर बसून राहिले. नवे ठोकळे यंदा १४ मार्चला पाडले, ते वर्षाचे होणार पुढच्या १४ मार्चला. चुन्याला घाई करता येत नाही रे. तो त्याच्या मनाने घट्ट होतो.

मुदतवाढ मागावी तर खरं कारण चालत नाही. प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे माझे मार्गदर्शक सरच. टाकी कोरडी पडली हे कागदावर आलं तर त्यांच्यावर शेकेल, म्हणून ते त्यावर सही करणार नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. कार्यालयाच्या खिडकीतल्या बाईंनी नियमांचं पुस्तक माझ्याकडे फिरवून बोट ठेवून दाखवलं: स्वतःचं आजारपण, बाळंतपण, नाहीतर आईवडिलांचं गंभीर आजारपण. वर म्हणाल्या, बाळंतपण काही तुम्हाला एवढ्यात जमणार नाही, दुसरं काहीतरी बघा.

तेव्हा लाज सोडून मागते. आपल्या डॉक्टरांकडून आई आजारी असल्याचा दाखला आणशील का? तिची गुडघेदुखी आहेच, तीच जरा फुगवून लिहायला सांग. तिला मात्र कळू देऊ नकोस. तीस वर्षं घंटा झाली की पोरांच्या हाताखालून पेपर ओढून घेणारी बाई ती, मला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. पण दादा, सहा वर्षं गेलीत माझी. ती अशी पाण्यात गेली तर मी पुन्हा उभी राहीन असं मला वाटत नाही.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा लोभ या पत्राने आटला नाही तर कळव.

तुझी,
खारू


१६ जून

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आधी शिव्या घालतो, मग कामाचं लिहितो. टाकीचं पाणी भरलं की नाही हे अकरा दिवसांत एकदा जाऊन बघायला काय झालं होतं? लहानपणी झाडाला पाणी घाल म्हटलं तरी तू माझं नाव सांगायचीस. झाल्या शिव्या.

दाखला सोबत पाठवतोय. पाकीट डॉक्टरांनीच बंद करून त्यावर शिक्का मारलाय. ते न उघडता तसंच दे. डॉक्टरांची तशी अटच आहे. तू फार विचार करू नकोस. तू मागितलंस, मी आणलं, संपलं. खोटं बोलायचं पाप असलं तर ते माझ्या खात्यावर घाल, तिथे जागा आहे.

एक गोष्ट मात्र बिघडली. तुझं पत्र माझ्या शर्टाच्या खिशात राहिलं आणि शर्ट धुवायला गेला. पुढचं तुला सांगायला नको. आईचं वेगळं पत्र येईलच.

इकडे सगळं बरं आहे. दुकानात गर्दी असते, दिवसभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून धडपडायचं. वहिनी तुझी आठवण काढते. पत्र लांबवत नाही, मला लिहायला जमत नाही हे तुला माहीतच आहे.

ठोकळ्यांना पाणी घालत जा.

तुझा,
दादा


१७ जून

चि. खारूस,
आईचे आशीर्वाद, रागासकट.

तुझ्या पत्रात दोन ठिकाणी लाल शाई वापरावी लागली. या घरात खिसे तपासल्याशिवाय शर्ट भिजत नाही, हे दादाला इतक्या वर्षांत कळलेलं नाही आणि तू त्याच्यावर भरवसा ठेवतेस.

खोटा दाखला मागतेस हे वाचून मी एक दिवस कुणाशी बोलले नाही. वहिनी बिचारी घाबरून दोनदा चहा करून गेली. मग मला तुझे बाबा आठवले. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा तुझा दादा दुसऱ्या वर्षाला होता. तो उठला आणि दुकानात जाऊन बसला. तू लहान होतीस. त्याला कुणी मुदत दिली नाही. मी मागायलाही गेले नाही. अशी मुदत मागायची असते हेच मला ठाऊक नव्हतं. शाळेत शिकवणारी बाई मी, आणि मला ठाऊक नव्हतं. त्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण नव्या वर्षी कॉलेजं सुरू झाली की तो दुकानाची पाटी पुसत बसतो, हे मी बघते.

म्हणून घे. दाखला डॉक्टरांकडून मीच लिहून घेतलाय, माझ्यासमोर. एकही चूक नाही त्यात. पाकीट उघडू नकोस. तुला खोटं पचत नाही, साखर चोरून खाल्लीस तरी तुझे कान लाल व्हायचे. आत काय आहे ते माहीत नसेल तर निदान चेहरा सरळ राहील.

इकडे यायची घाई करू नकोस. माझं बरं चाललंय. जेवण थोडं कमी झालंय, ते या वयात व्हायचंच. वहिनी ब्लाउज आत घेऊन शिवून देते, म्हणते आई बारीक दिसताय, छान दिसताय.

प्रबंध पुरा कर. आशीर्वाद तुला कधी मागावे लागले नाहीत, यापुढेही लागायचे नाहीत.

आई


२४ जुलै

दादा,

नमस्कार वगैरे लिहायची आज इच्छा नाही.

परवा मुदतवाढीच्या समितीपुढे बोलावलं होतं. लांबट टेबल, पलीकडे तिघं, अलीकडे मी. त्यांच्यात वैद्यकीय शाखेचे एक वयस्कर डॉक्टर होते. त्यांनी पाकीट फोडलं, वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग विचारलं की आईजवळ सध्या कोण असतं. मी आरशासमोर चार दिवस पाठ केलेलं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. आई फार थकलीय, सारखी माझं नाव घेते, माझं इथे लक्ष लागत नाही. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. आणि मनात म्हणत होते, आपल्या डॉक्टरांनी गुडघ्याचं काय झकास फुगवलंय.

ते म्हणाले, मुदत मिळेल, त्याची काळजी करू नका. पण तुम्ही इथे उभ्या का आहात? पोटातली गाठ यकृतापर्यंत गेलेली माणसं निदानानंतर वर्षभर राहिली तरी पुष्कळ. मला काही कळेना. मी दाखला वाचलाय का असं त्यांनी विचारलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. मला गाठ दिसली नाही, यकृत दिसलं नाही. मला तारीख दिसली. तपासणी ११ फेब्रुवारी. मी तुझ्याकडे खोटं मागितलं ३ जूनला, दादा. त्याच्या चार महिने आधीची तारीख कुणी खोट्या कागदावर घालत नाही.

मी तिथे काय बोलले ते आठवत नाही. पाणी दिलं कुणीतरी. मघाशी डोळ्यांत आणलेलं पाणी आठवून मला माझीच किळस आली, ती अजून जात नाही.

फेब्रुवारीपासून मी तुम्हाला चार पत्रं पाठवली. त्यात मिस्त्रींच्या गमती लिहिल्या, खानावळीवर चिडले, आईला विचारलं की माझी निळी साडी कुठे ठेवलीय. तिने उत्तर पाठवलं की खालच्या कप्प्यात. हे सगळं करताना तुमच्यापैकी एकालाही वाटलं नाही की हिला सांगावं?

मुदतीचा हुकूम हातात आलाय. एक सप्टेंबरपासून सहा महिने. पुढे हवी असेल तर ती संपल्यापासून आठवड्याच्या आत कारण चालू असल्याचं डॉक्टरांचं पत्र आणायचं. आणि मध्येच कारण संपलं तर संपल्यापासून तीस दिवसांत प्रबंध सादर करायचा, नाहीतर नाव कमी. हे असं छापलेलं आहे. कारण संपलं तर.

मी ५ ऑगस्टला येतेय. त्याआधी मला सगळं खरं लिही. दारात उभं राहून मला विचारायचं नाहीये.

खारू


२७ जुलै

चि. खारूस,
आशीर्वाद.

ऐकून घे.

जानेवारीत तिचं पोट दुखायचं. ती ओवा खाऊन गप्प बसायची. फेब्रुवारीत मी ओढून नेलं. रिपोर्ट तिनेच माझ्या हातातून घेतला, चष्मा लावून पूर्ण वाचला आणि घडी घालून पिशवीत ठेवला. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य हे, की खारूला कळता कामा नये. तू मार्चमध्ये ठोकळे पाडणार होतीस. ती म्हणाली, कळलं तर ही टाकून येईल, आणि एका घरात दोघांचं शिक्षण आजारपणापायी सुटलेलं मी बघणार नाही. मला शपथ घातली. मी भांडलो, खोटं वाटेल तुला, पण भांडलो. मग सवय झाली. तुझ्या पत्रांना उत्तर म्हणून बरं आहे, बरं आहे लिहायची सवय होते.

तुझं ते पत्र तिच्या हाती लागलं तेव्हा मी घाबरलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडी नेसून तयार, म्हणाली डॉक्टरांकडे चल. दाखला लिहून होईपर्यंत खुर्चीत ताठ बसली. डॉक्टर भाषा जरा सौम्य करत होते, तर तिने सांगितलं की जसं आहे तसं लिहा, मुलीच्या उपयोगी पडू दे. परत येताना रिक्षात हसली. म्हणाली, एवढं दुखणं काढतेय, कुणाच्या तरी कामी आलं.

त्या पाकिटाचं मला रोज ओझं व्हायचं. तू उघडावंस असंही वाटायचं, उघडू नयेस असंही वाटायचं. दुसऱ्या कुणी तुला सांगितलं, ती चूक माझी. शिव्या समोर येऊन दे.

येशील तेव्हा तिला ओळखायला एक क्षण लागेल. तो तिला दिसू देऊ नकोस.

तुझा,
दादा


१८ नोव्हेंबर

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तू परत जाऊन आठवडा झाला. सहामाही अहवाल दिलास, टाकी भरलीस, आता तिकडे बसून ते चौथं प्रकरण पुरं कर आणि मगच ये. तीन महिने माझ्या उशाशी बसून तू फक्त तीन पानं लिहिलीस. मी डोळे मिटले की तू वही खाली ठेवायचीस, हे मला कळत नव्हतं असं समजू नकोस.

मी कॅलेंडर समोर लावून घेतलंय. १४ मार्चवर खूण केलीय. डॉक्टरांना विचारलं की तिथवर पोचवाल का. ते औषधाची चिठ्ठी लिहित राहिले. डॉक्टर चांगले आहेत, पण त्यांना खोटं येत नाही, अगदी तुझ्यासारखे. वहिनीला म्हटलं, पोरीच्या कार्यालयाने तिला सहा महिने दिले, मला कुठल्या खिडकीवर अर्ज करायचा ते शोधा. ती पदर तोंडाला लावून आत गेली. विनोद करायचीसुद्धा सोय राहिली नाही.

दुखतं, खारू. तुला लिहिणार नव्हते, पण तुझ्याशी पुन्हा लपवाछपवी नको. गोळीने दोन तास जातात, तिसऱ्या तासाला मी घड्याळाकडे बघायला लागते. तेव्हा मला वाटतं की बास आता. आणि मग मार्च आठवतो आणि मी स्वतःलाच ओरडते.

अक्षर हलतंय, माफ कर. या पत्रातल्या चुका तू काढ.

तू इथे नव्हतीस तेव्हा मी तुझ्यावाचून राहिले, त्यात माझी फार फुशारकी होती. आता राहवत नाही. प्रकरण संपव आणि लगेच ये. लगेच.

आई


२२ फेब्रुवारी

चि. खारूस,
आशीर्वाद.

तू गेल्यापासून घर फार शांत आहे. तुम्ही दोघी एका खोलीत होतात तेव्हा कटकट वाटायची, एकीची गोळी, दुसरीची वही, मध्ये वहिनीचा चहा. आता मी दुकानातून आलो की बाहेरूनच हाक मारतो, आणि मग आठवतं.

तुझ्यापुढे मी आसवं गाळली नाहीत, कारण ती गेली तेव्हा तिचा हात तुझ्या हातात होता आणि तू अगदी स्थिर होतीस. तू निघून गेल्यावर माझा बांध फुटला.

आता कामाचं. आई गेली २ फेब्रुवारीला. तीस दिवस मोजले तर ४ मार्च येतो. तुझे ठोकळे १४ मार्चचे. दहा दिवसांचा प्रश्न आहे, खारू. दहा दिवस. मी डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी काही विचारलं नाही. कारण चालू असल्याचं पत्र त्यांनी लिहून दिलंय, सही-शिक्क्यासह, सोबत जोडलंय. तुमच्या कार्यालयात कुणाला काय माहीत? इतक्या लांबून कोण बघायला येतंय? हे पत्र दे, मुदत वाढवून घे, १४ तारखेला ठोकळे फोड, आकडे भर, आणि मग कळव त्यांना. आई तिकडून काही म्हणणार नाही. उलट हीच मुदत मिळवायला ती बिचारी दात आवळून राहिली.

तुझा प्रबंध अपुरा गेला आणि परीक्षकांनी परत पाठवला तर दुसरी संधी नाही, असं तूच सांगितलं होतंस. मी एकदा अर्ध्यावरून उठलोय. तू उठू नकोस. हात जोडून सांगतो.

तुझा,
दादा


४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

प्रबंध आज दुपारी दिला. शेवटच्या तक्त्यात वर्षाचा रकाना मोकळा आहे. खाली एक ओळ लिहिलीय की टाकी कोरडी पडल्यामुळे पहिले ठोकळे वाया गेले आणि नव्यांचं वर्ष अजून भरायचं आहे. सरांनी ती ओळ दोनदा वाचली आणि सही केली. परीक्षक परत पाठवतील असं मलाही वाटतं. पाठवलाच तर मी ठोकळे पाडणारी बाई म्हणून कुठेतरी काम बघेन. रडू येतंय, पण ते लिहून काय होणार.

१४ तारखेला मी आणि मिस्त्री ठोकळे फोडणार आहोत. कुणाला आकडे नको असले तरी मला हवे आहेत.

तू रागावशील म्हणून डॉक्टरांच्या पत्राचं सांगते. मी ते फाडलं नाही. सकाळी ते घेऊनच खिडकीपाशी गेले होते. द्यायचंच असं ठरवून गेले होते, तुझी शपथ. बाईंनी आधी एक छापील कागद भरायला दिला. त्यावर लिहिलेलं होतं: मुदतवाढीचे कारण चालू आहे / संपले आहे, लागू नसेल ते खोडावे. मी नुसती बघत उभी राहिले. मागे रांग होती. बाईंनी हलक्या आवाजात विचारलं की आई कशा आहेत. मी '२ फेब्रुवारी' एवढंच म्हटलं, आणि त्यांनी पुढे काही विचारलं नाही. बोटांवर दिवस मोजून त्या पुटपुटल्या की आजचाच दिवस आहे, पण कागद अजून माझ्या हातात आहे, त्यांनी काही पाहिलेलं नाही.

दादा, मला खोटं बोलायची भीती नव्हती. त्या टेबलापुढे मी कसं बोलले होते ते तुला सांगितलंय. पण 'चालू आहे' ठेवायचं म्हणजे काय ठेवायचं? डिसेंबर-जानेवारीत तू दुकानात असायचास. तिसऱ्या तासाला ती उशीचा कोपरा तोंडात धरायची, मला आवाज ऐकू जाऊ नये म्हणून, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत कॅलेंडरवरचा मार्च बघायचे. माझ्यासाठी ते चालू होतं. आणखी दहा दिवस तिचं दुखणं चालू आहे असं मला कागदावरसुद्धा लिहवेना. मी 'चालू आहे' खोडलं.

माझ्यावर रागाव, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस. वहिनीला नमस्कार.

तुझी,
खारू